एकाच मुलीच्या दोन नोंदी कशाला? ऑब्जेक्ट डेटाबेसमधल्या भूमिका

नमस्कार! 'कमवा आणि शिका' योजनेतली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. सकाळी वर्गात विद्यार्थिनी, दुपारी ग्रंथालयात पुस्तकं लावते, तासांप्रमाणे पैसे मिळतात. डेटाबेसमध्ये तिला बसवायचं कुठे?

'व्यक्ती' हा क्लास, म्हणजे नोंदीचा साचा, त्याखाली 'विद्यार्थी' आणि 'कर्मचारी', असं आपण सवयीने करतो. पण ऑब्जेक्टचा, म्हणजे साच्यातून घडलेल्या एकेका नोंदीचा, क्लास जन्मताच ठरतो, बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत तो नंतर बदलता येत नाही. मग दोन्हींचा वारसा घेणारा, म्हणजे दोघांचे गुणधर्म आपोआप मिळणारा, तिसरा क्लास काढायचा? भूमिका चार झाल्या, की नुसत्या जोड्या-त्रिकुटांसाठी 10 जादा क्लास लागतात!

दुसरी पळवाट म्हणजे दोन नोंदी. त्या मला अजिबात पटत नाहीत. मोबाईल नंबर एकीकडे बदलतो, दुसरीकडे जुनाच राहतो, आणि पगाराचा मेसेज भलत्याच फोनवर जातो.

बाकमन आणि दया या डेटाबेस-संशोधकांनी 1977 मध्येच भूमिकेची कल्पना मांडली होती. माणूस एकच, ओळख एकच. भूमिका त्याला चिकटतात आणि सुटतात. 1993 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी मांडलेली फिबोनाची भाषा मला फार आवडते. तिथे ऑब्जेक्टशी बोलायचं ते त्याच्या भूमिकेमार्फत. 'तुझा क्रमांक काय?' विद्यार्थिनीला विचारलंत तर परीक्षेचा क्रमांक मिळेल, कर्मचारी म्हणून विचारलंत तर हजेरीपटावरचा. प्रश्न तोच, मुलगीही तीच.

आता तिला प्रयोगशाळेतही काम मिळालं. म्हणजे कर्मचारी ही भूमिका दोनदा! ग्रंथालयाचे तास वेगळे, प्रयोगशाळेचे वेगळे. इथे वारसा हात टेकतो, कारण एकच क्लास दोनदा लावता येत नाही. गोटलोब, श्रेफल आणि र्‍योक या संशोधकांनी 1996 मध्ये स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग भाषेत एकच भूमिका अशी दोनदा लावून दाखवली.

आणि व्ह्यू, म्हणजे डेटाबेसमधल्या माहितीकडे बघायची खिडकी? त्याची भूमिकेशी गल्लत करू नका. भूमिका स्वतःची माहिती साठवते. व्ह्यू आहे त्या माहितीतून हवं तेवढंच दाखवतो. लेखापालाला तास, दर, खातं आणि एकूण रक्कम (तास गुणिले दर) दिसते. तिचे गुण दिसायचं कारणच नाही. पण समजा, त्याने तिथेच रकमेचे 1,200 चे 1,500 केले. मग तास वाढवायचे की दर? डेटाबेसला कसं कळणार? म्हणून मी रकमेच्या रकान्याला कुलूप लावते आणि त्याला फक्त तास बदलू देते.