पान्झानी : एका आडनावाची जाहिरात

आजच्या विषयात मला एका जाळीच्या पिशवीतून शिरायचे आहे. १९६० च्या दशकातल्या एका फ्रेंच जाहिरातीत लाल पार्श्वभूमीवर ही अर्धवट उघडी पिशवी दिसते आणि तिच्यातून पास्त्याची पाकिटे, सॉसचा डबा, पार्मेझान चीजची पुडी, टोमॅटो, कांदे, ढोबळ्या मिरच्या आणि एक अळिंबी असा ऐवज बाहेर सांडलेला असतो. पाकिटांवरचे नाव आहे पान्झानी. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी १९६४ साली ‘कोम्युनिकास्याँ’ या नियतकालिकाच्या चौथ्या अंकात या एका चित्रावर निबंध लिहिला आणि तेव्हापासून जगभरच्या चिन्हमीमांसेच्या (चिन्हांतून अर्थ कसा तयार होतो, याच्या अभ्यासाच्या) वर्गांत ही पिशवी उघडली जात आहे.

बार्थ यांना तिच्यात काय सापडले? पहिली गोष्ट म्हणजे बाजारातून नुकतेच घरी परतल्याचा भाव, म्हणजेच ताजेपणा आणि स्वतःच्या हाताने निवडून आणल्याचे समाधान. दुसरी गोष्ट म्हणजे इटालियनपण, जे टोमॅटो, मिरची आणि पिवळा, हिरवा, लाल या तीन रंगांतून व्यक्त होते. तिसरी मला सर्वांत चलाख वाटते. डब्यातला सॉस आणि झाडावरचा टोमॅटो एकाच पिशवीत शेजारी ठेवले की कारखान्यातला माल हा भाजीचाच सख्खा भाऊ भासू लागतो, आणि संपूर्ण जेवणाची तजवीज एकाच घराने केली असावी असे वाटते. शिवाय या सगळ्याची मांडणी जुन्या वस्तुचित्रांची आठवण करून देते. यातला दुसरा मुद्दा मांडताना बार्थ म्हणतात की हे इटालियनपण खुद्द इटालियन माणसाला क्वचितच जाणवेल, कारण ते पर्यटनातून तयार झालेल्या फ्रेंच ठोकताळ्यांवर उभे आहे. जाता जाता सांगतो, इटलीच्या ध्वजात पिवळा रंग नाहीच, तिथे पांढरा आहे. तरीही फ्रेंच डोळ्याला ते तीन रंग इटलीचे वाटले, यातच बार्थ यांचे म्हणणे सिद्ध होते.

मात्र पान्झानी या शब्दाकडे पाहताना बार्थ त्याचा नाद ऐकतात आणि त्या नादातून इटली कशी सूचित होते ते सांगतात. त्या नादामागे एक खराखुरा माणूस होता. इटलीतून आलेल्या कुटुंबातल्या जाँ पान्झानी यांनी १९४० च्या दशकात, पश्चिम फ्रान्समधल्या द-सेव्र भागात, पास्ता करून विकायला सुरुवात केली. तो काळ लक्षात घ्यावा लागतो. १० जून १९४० रोजी मुसोलिनीने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले होते. त्याही आधीपासून फ्रान्समध्ये इटालियन मजुराला हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द होता ‘मकारोनी’, आणि १८९३ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या एग-मोर्तच्या मिठागरांवर इटालियन कामगारांना जमावाने ठार मारले होते. ज्या पदार्थाचे नाव शिवी म्हणून माणसाच्या अंगावर फेकले जात होते, तोच पदार्थ त्या माणसाच्या आडनावासकट पाकिटात भरून त्याच ग्राहकांपुढे ठेवणे हा साधा व्यापारी निर्णय नव्हता, असे मला वाटते.

स्पर्धकांची नावे पाहिली की हे आणखी स्पष्ट होते. ल्योंची रिव्हवार ए कारे ही पेढी १८६० सालची आणि तिचे नाव अस्सल फ्रेंच आडनावांचे. ग्रनोबलच्या ल्यूस्त्युक्र्यूने तर आपल्या नावात ‘तुला हे खरे वाटले असते का?’ या अर्थाचा फ्रेंच शब्दखेळच खेळला होता. मालाच्या बाबतीत मात्र सर्वांना एकच नियम होता. १९३४ च्या कायद्याने फ्रान्समध्ये सुका पास्ता केवळ ड्युरम गव्हाच्या रव्याचाच करणे बंधनकारक झाले होते. (आपल्याकडे शेवयांसाठी नावाजला जाणारा बन्सी गहू याच जातकुळीतला.) रवा सर्वांचा सारखाच असल्यावर फरक दाखवायचा कुठे? पान्झानीने तो पारदर्शक सेलोफेनच्या पाकिटात, सोबत विकलेल्या सॉसमध्ये आणि सर्वांत जास्त आडनावात दाखवला.

यानंतर जाहिरात छापील पानावरून पडद्यावर गेली. फ्रेंच दूरचित्रवाणीवर व्यापारी मालाच्या जाहिरातींना १ ऑक्टोबर १९६८ पासून परवानगी मिळाली, आणि १९७० च्या दशकात पान्झानीने डॉन पातियो (‘डॉन’ ही पाद्रीच्या नावापुढे लागणारी इटालियन उपाधी) नावाचा झगेवाला, खादाड पाद्री घराघरांत पोहोचवला. ‘पास्ता, पास्ता, हो, पण पान्झानीचा’ या अर्थाचे त्याचे घोषवाक्य फ्रेंच लोकांच्या तोंडी बसले. हे पात्र डॉन कामियो या पाद्रीवरून बेतलेले होते, हे कुणाला सांगावे लागले नाही. पो नदीच्या खोऱ्यातल्या या भांडखोर पाद्रीच्या कथा इटालियन लेखक ग्वारेस्की यांच्या. त्यांवरच्या १९५२ च्या चित्रपटाचे दिग्दर्शक ज्यूलियँ द्यूव्हिव्हिए मात्र फ्रेंच, आणि पाद्रीचे काम केलेले फर्नांदेल हे मार्सेयचे. म्हणजे फ्रेंच प्रेक्षकाच्या मनातला नमुनेदार इटालियन पाद्री मूळचा मार्सेयचा नट होता, आणि जाहिरातीने त्या नकलेची पुन्हा नक्कल केली. बार्थ यांच्या पिशवीतल्या इटलीला इथे चेहरा मिळाला, तोही फ्रेंचच. पण सूर बदलला होता. पिशवी गंभीर होती, पाद्री हसवत होता. ‘मकारोनी’ या शब्दात उपहास होता, आता त्याची जागा लाडिक थट्टेने घेतली. थट्टेतही ठोकताळा तोच राहिला, हे मला नजरेआड करता येत नाही.

पुढचा इतिहास मालकीचा आहे आणि तो थोडक्यात सांगता येतो. घराण्याच्या हातून कंपनी पुढे दानोन समूहाकडे गेली, १९९७ मध्ये त्या समूहाने ती गुंतवणूकदारांना विकली, २००५ मध्ये ती स्पेनच्या एब्रो पुलेवा या खाद्यपदार्थ कंपनीने घेतली आणि २०२१ मध्ये सीव्हीसी या गुंतवणूक संस्थेशी तिच्या विक्रीचा करार झाला. मालकांचे पत्ते बदलत गेले. पाकिटावर अजूनही पान्झानी हेच आडनाव छापले जाते.