छतावरचा डाग

नमस्कार मंडळी. आज शेजाऱ्यांबद्दल बोलायचंय, म्हणजे खरं तर माझ्या बेडरूमच्या छताबद्दल.

आमच्या छताला डाग पडला, आधी बशीएवढा, मग ताटाएवढा, दुसऱ्या पावसाळ्यात तर पोपडे गादीवर पडायला लागले आणि मी काय केलं, तर पलंग सरकवला! शेजारधर्म ना, रोज जिन्यात तोंड बघायचं, कशाला उगाच वाईटपणा घ्या. दोन वर्षं मी वरच्या वहिनींशी गोड हसत होते आणि घरात आले की ह्यांच्यासमोर त्यांच्या नावाने बोटं मोडत होते. मग एक दिवस त्यांच्या ओल्या चादरीचं पाणी माझ्या वाळलेल्या कपड्यांवर ठिबकलं आणि जो काय तोंडाचा पट्टा सुटला माझा, अख्खी बिल्डिंग गॅलरीत. छत, चादर, रात्री साडेदहाला वाजणारा खलबत्ता, जिन्यातली सायकल, सगळं एका दमात. त्या बिचाऱ्या पार गोंधळल्या, म्हणाल्या, "अहो ताई, डाग पडलाय हे तुम्ही कधी सांगितलंतच नाही की."

आणि खरंच नव्हतं सांगितलं हो. दोन वर्षांची उधारी मी एका चादरीवर व्याजासकट वसूल करायला निघाले होते.

पुढे प्लंबर आला. त्याने वरच्या बाथरूमच्या जाळीत चिंधी कोंबली, चार बोटं पाणी भरलं, त्यात नीळ ओतली आणि म्हणाला, आता खाली जाऊन वाट बघा. दुसऱ्या दिवशी आमच्या छताला निळे थेंब! संपलं, निळीशी कोण वाद घालणार. राहिला खर्च, तर सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सरकारने दिलेल्या नमुना नियमांत, ते लिहिलेलंच आहे, पावसाची किंवा बाहेरच्या कॉमन पाइपची गळती असेल तर सोसायटीने बघायचं, आणि घरातल्या संडास-सिंकची असेल तर ज्याचा फ्लॅट त्याचा खिसा. वहिनींनी दिले पैसे, कुरकुरत का होईना.

आता सगळंच काही चहावर मिटत नाही. आमच्या मागच्या विंगमध्ये एक गृहस्थ पिऊन यायचे आणि एकट्या राहणाऱ्या आजींच्या दारावर लाथा मारायचे, आणि कमिटी वर्षभर त्या आजींनाच सांगत होती, घ्या सांभाळून. का घ्यायचं सांभाळून? तिथे सरळ 112 लावायचा. पोलीस कदाचित नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद घेतील, घेऊ देत, त्याची कॉपी जपून ठेवा, पुढच्या वेळी तोच कागद कामाला येतो. स्पीकरचंही तसंच, रात्री 10 ते सकाळी 6 रहिवासी भागात आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे, 2000 सालापासून नियम आहे हा.

पण त्याआधी एकदा बेल वाजवा ना. व्हॉट्सॲप ग्रुपवर नका टाकू, शंभर जणांसमोर कुणी माघार घेत नाही, मीही नसती घेतली.

हो, आणि तो खलबत्ता. शेवटी विचारलं मी वहिनींना. तर त्यांच्या सासूबाईंना दात नाहीत, जेवण झालं की विडा कुटून लागतो. आता त्या खलबत्त्याखाली गोणपाट घालतात, तरी चार ठोके येतातच खाली, आणि मग मी ह्यांना म्हणते, चला, आजींचा विडा झाला, दिवा घालवा.