विचार केला, पण बोलला नाही

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात मालवणात घरी बसून मी बुद्धिबळ खेळणारा एक प्रोग्रॅम लिहिला. फार हुशार नाही. चार-पाच खेळ्या पुढचं पाहतो आणि फुकटचं प्यादं दिसलं की हावरटासारखा धावतो. तरी वाटलं, चार गावचं पाणी चाखू दे. म्हणून त्याला लिचेस या फुकट सर्व्हरवर धाडायचं ठरवलं.

तिथे यंत्रासाठी बॉट म्हणून वेगळं खातं लागतं. खात्यावर एकही डाव झालेला नको, आणि एकदा बॉट केलं की ते पुन्हा माणसाचं होत नाही. माझ्या जुन्या खात्यावर मी वर्षानुवर्षं हरलोय, तेव्हा ते बाद! नवं काढलं, टोकन घेतलं. टोकन ही घराची किल्ली समजा, कुणाला दाखवू नये.

मध्ये दुभाषा लागतो. लिचेस-बॉट नावाचा तयार प्रोग्रॅम इकडे सर्व्हरशी बोलतो, तिकडे आपल्या प्रोग्रॅमशी. या दुसऱ्या बोलण्याची रीत म्हणजे यूसीआय. रुडॉल्फ ह्यूबर आणि श्टेफान मायर-काह्लेन यांनी ती 2000 साली आणली. दुभाषा विचारतो, ‘तयार?’ आपण म्हणायचं, ‘तयार’. मग तो डावातल्या सगळ्या खेळ्या पहिल्यापासून वाचून दाखवतो आणि दोघांच्या घड्याळात किती वेळ उरलाय ते सांगतो. आपण एकच खेळी सांगायची: ई-दोन, ई-चार, म्हणजे या घरातून त्या घरात. किल्लेकोट करताना राजा आणि हत्ती दोघे एकदम हलतात, पण तिथेही फक्त राजाची चाल सांगायची, हत्तीचं नावही नाही.

एवढं सोपं? मी हाताने टाइप करून विचारलं की प्रोग्रॅम पटापट उत्तरं द्यायचा. दुभाष्याशी जोडला की मुका! भाचा शेजारी बसलेला. म्हणाला, ‘‘मामानू, तुमचा मशीन निजला काय?’’

निजला नव्हता. खेळी शोधून बसला होता. पण उत्तर स्क्रीनवर न जाता दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जायचं असलं की संगणक ते बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साठवत राहतो. सहा आसनी रिक्षा कशी, भरल्याशिवाय हलत नाही! प्रत्येक ओळीनंतर ‘फ्लश’ म्हणजे ‘आहे तेवढं घेऊन सूट’ असं सांगावं लागतं. एका शब्दापायी माझे दोन रविवार गेले.

मग बोलू लागला, तर पहिल्याच डावात वेळ संपून हरला. यूसीआय वेळ मिलिसेकंदांत सांगतं. पाच मिनिटं म्हणजे 300000. मी सेकंद धरले होते. बिचाऱ्याला वाटलं, हातात साडेतीन दिवस आहेत!

शेवटी आम्ही ओळखीच्या चौघांनी आपापल्या बॉटांची स्पर्धा लावली. एकमेकांना आव्हानं द्यायची, प्रत्येकाशी दोनदा, एकदा पांढरी एकदा काळी. एकूण 12 डाव. नेटला जायला-यायला लागणारा वेळ धरून प्रत्येक खेळीमागे थोडा वेळ राखून ठेवायचा, हे तोवर मी शिकलो होतो.

चौथ्या डावात आम्ही एका वजिराने पुढे असताना लाईट गेली. मोबाईलच्या नेटवर लॅपटॉप जोडून दुभाषा पुन्हा सुरू केला, तर सर्व्हरने सगळ्या खेळ्या पहिल्यापासून पुन्हा पाठवल्या आणि प्रोग्रॅम निमूट पुढे खेळू लागला. घड्याळ मात्र आमच्यासाठी थांबलं नव्हतं. 11 सेकंद उरले होते. मात व्हायला अजून दोन खेळ्या होत्या, आणि भाचा पुटपुटत होता, ‘‘फ्लश, फ्लश...’’