गिलाव्याआधीची भिंत

नमस्कार श्रोतेहो. मी गवंडी. आज बोलायचंय ते गिलाव्याखाली झाकल्या जाणाऱ्या कामाबद्दल.

विटेवर वीट ठेवली की झालं गवंडीकाम, असं पुष्कळांना वाटतं. पण काम सुरू होतं पाण्यापासून. कोरडी वीट तहानलेली असते. मालातलं, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणातलं पाणी ती ओढून घेते, आणि पाण्याविना सिमेंट आवळत नाही. मग सांधा भुसभुशीत राहतो. म्हणून भाजक्या विटा आधी पाण्यात बुडवायच्या, बुडबुडे थांबले की काढायच्या आणि निथळू द्यायच्या. निथळली नाही, तर तीच वीट मालावर घसरते. दोन विटा एकमेकींवर ठोकून बघायच्या. खणखणीत वाजली ती घ्यायची, बद्द वाजली ती बाजूला.

मग कोपरा. एका बाजूला तीन फूट, दुसरीकडे चार आणि तिरकं माप पाच आलं, की काटकोन जमला. दोन्ही कोपरे आधी काही थर चढवायचे आणि मध्ये दोरी ताणायची. वीट दोरीपाशी न्यायची, पण दोरीला टेकवायची नाही, केसभर फट ठेवायची. एका विटेनं जरी दोरी ढकलली, तरी पुढचा सगळा थर बाहेर येतो.

शिकाऊ असताना माझा कोपराच असा बिघडला होता. थर भराभर चढत होते, मी खुशीत होतो. मिस्त्रींनी ओळंबा सोडला, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का हे बघायची वजन बांधलेली दोरी. वर दोरीचा गट्टू, म्हणजे ठोकळा, भिंतीला टेकलेला, खाली लोंबणारं वजन, म्हणजे लोलक, भिंतीपासून बोटभर लांब. म्हणजे भिंत बाहेर झुकलेली. काही न बोलता त्यांनी थापीनं पाच थर उतरवले. माल ओला होता, म्हणून विटा तरी वाचल्या. तेव्हापासून तीन-चार थर झाले, की माझा हात आपोआप ओळंब्याकडे जातो.

सांधा साधारण 10 मिलिमीटरचा. वरच्या थराचा उभा सांधा खालच्या सांध्यावर येता कामा नये, यालाच आम्ही सांधेमोड म्हणतो. सांध्यावर सांधा आला, की भिंतीला तडा जायला वाट मिळते. एका दिवसात दीड मीटरच्या वर बांधकाम नेत नाहीत, कारण खालचा माल अजून कोवळा असतो. पुढे किमान सात दिवस भिंतीला पाणी मारायचं.

तुमच्या घराचं काम चालू असेल, तर गिलावा व्हायच्या आधी एकदा जाऊन या. उभे सांधे नीट भरलेत का, जवळून बघा. रिकामे दिसले तर गवंड्याला तिथंच सांगा, तेव्हा ते भरता येतात.