वाडी उभी होती तेव्हा

(दृश्य: ड्रोन. श्रीवर्धनचा किनारा, मागे वाड्या.)

समुद्र, मग वाळू, वाळूमागे सुरूचं बन आणि त्यामागे वाड्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा. श्रीवर्धन-दिवेआगरच्या या पट्ट्यात वरून पाहिलं तर गाव दिसतच नसे. पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, आणि माड यांच्याखाली घरं झाकलेली असायची. आता कौलं मोजता येतात. मधेमधे निळे पत्रे चमकतात, ते वादळानंतरचे.

(दृश्य: मोबाइलवरची क्लिप.)

3 जून 2020. दुपारची वेळ. घरातल्या कुणीतरी खिडकीच्या फटीतून हे टिपलं. 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 110 किलोमीटर होता, झोत 120 पर्यंत. चित्र हललेलंय, पण आवाज ऐका. पत्र्याचा खडखडाट वेगळा. मधूनच बंदुकीच्या बारासारखं जे ऐकू येतं, ती पोफळ मोडतेय.

(दृश्य: पडवी. सुपारी सोलणारे हात.)

सुपारी सोलायला बसलं की हात गुंतलेले आणि तोंडं मोकळी. या पडवीत आज तिघं आहेत. तिघंही कधी ना कधी गाव सोडून गेलेले आणि परत आलेले.

अण्णा परळच्या गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. महिना-दीड महिन्यात मिटेल म्हणून बायकामुलांना घेऊन गावी आले, खोलीचं कुलूपही नवं घेतलं नाही. संप काही मिटला नाही आणि त्यांची गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही. "वाडीनं पोसलं हो आम्हाला," अण्णा सांगतात. "वर्षाची सुपारी गेली की मुलांच्या फिया निघायच्या."

शेजारचे चाचा कुवेतला होते. ऑगस्ट 1990 मध्ये इराकी फौजा शिरल्या. चाचा बसने वाळवंटातून अम्मानला पोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. त्या वेळी याच वाटेने लाखाहून अधिक भारतीय परतले. चाचांचा पगार तिकडे बुडाला तो बुडालाच. "हातात एक बॅग. पण दिवाळीनंतर सुपारी उतरली आणि पहिला पैसा दिसला."

"तुमचं बरं होतं चाचा," तिसरी म्हणते. ही अण्णांची पुतणी, डोंबिवलीची. टाळेबंदीत नोकरी गेली, मे महिन्यात ई-पास काढून गावी आली. चौदा दिवस शाळेत विलगीकरणात राहिली. "शाळेतून घरी आले आणि आठवडा झाला नाही तर शाळेचेच पत्रे उडाले. तुम्ही आलात तेव्हा वाडी उभी होती."

दोघेही म्हातारे यावर हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही, हे तिघांनाही माहीत आहे.

(दृश्य: वाडीत. मोडकं खोड, जवळून.)

ही पोफळ पुरुषभर उंचीवर मोडली आहे. आंबा मोडला तर खाली पालवी फुटते. पोफळीला फांद्याच नसतात. तिचं वाढणं म्हणजे वरचा एक कोंब, तो गेला की झाड संपलं. माडाचंही तसंच. म्हणून वादळानंतर वाडीत वरून हिरवं दिसणारं पुष्कळ होतं आणि जगणारं थोडं.

उरलेल्या झाडांवर दुसरं संकट आलं, त्याची फारशी चर्चा झाली नाही. पोफळीच्या खोडाला ऊन सोसत नाही. जुन्या वाडीत एकीची सावली दुसरीवर असते. ती सावली गेली आणि नैर्ऋत्येचं दुपारचं ऊन थेट खोडांवर आलं. हे पाहा, साल एका बाजूने भाजलीय, तडे गेलेत. हे झाड वादळात पडलं नव्हतं.

(दृश्य: अण्णा काठीने जमीन दाखवतात.)

अण्णांची वाडी आठ गुंठ्यांची. इथे वाड्या गुंठ्यांतच असतात. वाटण्या होत होत काही तर दोन-तीन गुंठ्यांवर आल्या आहेत. एका गुंठ्यात 15-20 पोफळी, मधे माड, खाली केळी, एखादं जायफळ, माडावर चढवलेली मिरी. वर-खाली चार मजली शेती आहे ही. सरकारने फळबागांची मदत हेक्टरी 18 हजारांवरून 50 हजार केली, ऐकायला मोठी वाटली. हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे. म्हणजे गुंठ्याला 500 रुपये. अण्णांचे आठ गुंठे, तुम्हीच हिशेब करा. पडलेली खोडं कापून बाहेर काढायची मजुरीही त्यात सुटत नव्हती. ओरड झाल्यावर पुढे झाडागणिक मदत ठरली.

वीज कित्येक आठवडे नव्हती. काहींनी वाड्या विकल्या, तिथे आता पर्यटकांसाठी खोल्या आहेत.

(दृश्य: रोपं. पिशव्या, ओली माती, पुतणीचे हात.)

वाडी पुन्हा लावायची तर बी जुन्या, भरवशाच्या झाडाचं लागतं. पूर्ण पिकलेलं फळ, सालासकट, देठाकडची बाजू वर करून मातीत. कोंब यायला दीड-दोन महिने, मग पिशवीत. वर्ष-दीड वर्षाचं रोप झालं की खड्ड्यात. त्याआधी केळी लावून घ्यायच्या, कारण रोपाला सावली हवी आणि सावली देणारी वाडीच राहिलेली नाही. हा केळीचा सल्ला अण्णांचा. श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्राची रोपं काहींनी नेली, अण्णांनी स्वतःच्याच उरलेल्या झाडांचं बी धरलं. 2021 च्या मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा ही रोपं पिशवीत होती. तिघांनी ती उचलून माजघरात आणून ठेवली. जेवायलासुद्धा जागा उरली नव्हती म्हणे.

(दृश्य: पडवी. सोललेल्या सुपारीचा ढीग.)

पुतणीला डोंबिवलीत पुन्हा नोकरी लागली. सुपारी उतरायच्या दिवसांत ती रजा काढून येते. आज सोलायला घेतलेली सुपारी वादळातून वाचलेल्या झाडांची आहे. नव्या झाडांना पोय, म्हणजे फुलांचा तुरा, कधी येईल, यावर पडवीत रोज वाद होतो. चाचा म्हणतात, या वर्षी. अण्णा म्हणतात, अजून दोन वर्षं धरा, आणि मिरीचे वेल चढवायला आत्तापासून बघा.