स्टीरिओला सबवूफर जोडायचा का?

नमस्कार मंडळी. स्टीरिओवर मन लावून गाणं ऐकणाऱ्यापुढे सबवूफरचं, म्हणजे फक्त खालचे सूर (बेस) वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरचं, नाव काढलं की तो नाक मुरडतो, कारण त्याच्या डोक्यात सब म्हणजे मिरवणुकीतला डीजे. मला स्वतःला वाटतं की सब लावावा, पण तो कशासाठी लावतोय आणि आपल्या खोलीत तो कसा वागणार हे माहीत असेल तरच.

आधी आकडे बघू (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आकडा जितका लहान तितका सूर खालचा). घराघरात असतात ते बुकशेल्फ स्पीकर, पाच-सहा इंची वूफरवाले, साधारण ५०-६० हर्ट्झपर्यंत नीट जातात, त्याखाली आवाज भराभर पडतो. आता आपण ऐकतो काय? गायकाचा सा काळी एकचा धरला तर तानपुऱ्याचा खर्ज ७० हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे तो या स्पीकरना झेपतो. डबल बेस आणि चार तारांची बेस गिटार मात्र ४१ पर्यंत जातात, पियानोचा सगळ्यात खालचा सूर २७.५, आणि हल्लीच्या सिनेमातल्या गाण्यांचा सिंथ बेस तर कुठवर खाली जाईल सांगता येत नाही. त्यामुळे जो फक्त ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकतो त्याचे सूर सबशिवाय फारसे हुकत नाहीत.

तरी त्यालाही फायदा आहे, आणि हा मुद्दा दुकानात कोणी सांगत नाही. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढाच मोठा आवाज काढायला स्पीकरच्या कोनला, म्हणजे पुढच्या थरथरणाऱ्या पडद्याला, चौपट हलावं लागतं. तोच छोटा कोन डग्ग्याचा घुमारा काढतोय, त्याच वेळी गायकाचा आवाजही काढतोय, व्हॉल्यूम वाढवला की तो दमतो आणि गाणं गढूळ होतं. ८० हर्ट्झच्या खालचं काम सबकडे दिलं की सुधारतो तो गायकाचा आवाज! पण त्यासाठी मेन स्पीकरला हाय-पास फिल्टर, म्हणजे खालचे सूर त्याच्याकडे जाऊ न देणारी गाळणी, लागतो. होम थिएटरच्या एव्ही रिसीव्हरमध्ये स्पीकरचं सेटिंग 'स्मॉल' केलं की ते होऊन जातं, बऱ्याच स्टीरिओ अँपमध्ये मात्र सब-आउट (सब जोडायची जागा) नुसताच दिलेला असतो, स्पीकर पहिल्यासारखे पूर्ण वाजत राहतात. तेव्हा अँपचं मॅन्युअल आधी वाचा, सब नंतर बघा.

आता खोली, आणि खरी लढाई इथेच आहे. ८० हर्ट्झची लहर सव्वाचार मीटर लांब असते, ४० ची साडेआठ मीटर, आणि आपला हॉल समजा १६ बाय १० फूट, म्हणजे लहर जवळपास खोलीएवढी किंवा तिच्यापेक्षा मोठी. अशा हॉलमध्ये साधारण ३५ आणि ५६ हर्ट्झला खोली स्वतःच घुमते, भिंतीपाशी तो सूर फुगतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ गायब होतो. आपल्याकडे सोफा कुठे असतो? भिंतीला चिकटून. त्यात आपल्या भिंती विटांच्या आणि काँक्रीटच्या, अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या घरात थोडाफार बेस भिंतीतून निसटून जातो, आपल्याकडे तो परत खोलीतच येतो, म्हणून तिकडचे सल्ले वाचून सेटिंग करू नका. कोपऱ्यात ठेवलेला सब सगळ्यात जोरात वाजतो आणि बहुतेक वेळा सगळ्यात वाईट वाजतो.

जागा शोधायची जुनी युक्ती अजूनही उत्तम आहे. सब उचलून तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, चालत्या बेसचं, म्हणजे बेस एकेक सूर वर-खाली जात राहतो असं, एखादं गाणं लावा आणि स्वतः जमिनीवर रांगत भिंतीकडेने फिरा, जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येतो तिथे सबची जागा. घरातले हसतील, हसू द्या. ज्यांना मोजायचंय त्यांच्यासाठी रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, फक्त एक मेजरमेंट माइक घ्यावा लागतो.

एक की दोन? पैसे असतील तर मी एका मोठ्याऐवजी दोन छोटे घ्या म्हणेन. हरमन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये याच प्रश्नावर पेपर मांडला होता, त्यात समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सब चांगले ठरले आणि चारच्या पुढे खास काही मिळत नाही असं निघालं. दोन सब समोरासमोर असले की त्या दिशेचा पहिला घुमारा ते दोघं मिळून मारतात, म्हणजे १६ फुटांच्या दिशेने समोरासमोर ठेवले तर आपला तो ३५ चा फुगवटा बसतो.

शेवटी फेजचं बटण (सबचा कोन स्पीकरच्या कोनबरोबर हलतो की उलटा, हे बदलणारं) आणि लेव्हल, म्हणजे सबचा आवाज. ओळखीचं गाणं लावून कोणाला तरी फेज ० आणि १८० करायला सांगा, क्रॉसओव्हरपाशी, म्हणजे स्पीकरचं काम संपून सबचं सुरू होतं त्या सुरांपाशी, बेस जिथे भरीव लागतो ते ठेवा. लेव्हल इतकी कमी करा की सब वाजतोय हे कळायचं बंद होईल, मग बंद करून बघा, काहीतरी गेलं असं वाटलं तर बरोबर लागलाय. आणि फ्लॅटमध्ये राहत असाल तर खाली जाड रबराचं पॅड घाला, लादीत जाणारी थरथर थोडी कमी होईल, हवेतून जाणारा बेस मात्र पॅडने थांबत नाही, रात्री दहानंतर सब बंदच ठेवा.