सारंगखेड्याची यात्रा, पहाटे पाच वाजता

[पडद्यावर अंधार. कुठंतरी घोडा फुरफुरतो. हळूहळू पाळण्याचा आकार दिसू लागतो.]

डिसेंबरातली पहाट. गाव सारंगखेडा, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. शेजारून तापी वाहतेय. मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, इथल्या एकमुखी दत्ताची यात्रा सुरू होते आणि पुढं बरेच दिवस नदीकाठचं हे रान गजबजलेलं राहतं. घोडेबाजारामुळे या गावाचं नाव देशभर माहीत आहे. घोड्यांकडे आपण येऊच. त्याआधी समोर उभा आहे तो पाळणा बघू; आम्ही आलोय ते थांबलेल्या पाळण्यांचे, रिकाम्या यात्रेचे फोटो काढायला.

मध्यरात्रीपर्यंत तो फिरत होता. आता त्याच्यावर एकही दिवा नाही. रात्री माळांच्या उजेडात आपल्याला फक्त रंगीत चक्र दिसतं. आत्ता त्याचे आरे दिसतात, आऱ्यांना बांधून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या दिसतात, प्रत्येक जोडावरची खीळ दिसते. पायाशी एकावर एक रचलेले लाकडी ठोकळे आहेत. जमीन कुठं खचते, कुठं टणक आहे, ते बघून एवढं उंच लोखंड त्या ठोकळ्यांवर समतल बसवलंय. दिवसाउजेडी इथून हजारो माणसं जातात. या ठोकळ्यांकडे बघायला कुणाला सवड मिळत नाही.

थीम पार्क म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे डिस्नेलँड येतं. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमला १७ जुलै १९५५ रोजी ते सुरू झालं. आपल्याकडे मुंबईत गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड आलं, खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका. अशा ठिकाणी पहाटे फोटो काढायचे तर परवानगी काढावी लागते, वेळ ठरवून घ्यावी लागते. फाटक उघडायच्या आधी, माणूसकाणूस नसताना, धुतलेले रस्ते आणि थांबलेले झोके टिपायचे, ही फोटोग्राफरांची जुनी हौस आहे. मलाही ती आहे.

पण खानदेशातल्या पोराचं थीम पार्क ट्रकमधून येतं. वर्षातून एकदा गावाजवळ उतरतं, उभं राहतं, काही दिवस फिरतं आणि पुन्हा ट्रकमध्ये भरून पुढच्या यात्रेला जातं. त्याला भिंत नाही की तिकिटाचं फाटक नाही. पाळण्याचे पैसे पाळण्यापाशी, ब्रेकडान्स नावाच्या झोक्याचे त्याच्यापाशी. रात्रीच्या झगमगाटाचे फोटो आज प्रत्येक मोबाइलमध्ये सापडतील. हे लोखंड, हे लाकूड, या रंगवलेल्या पाट्या मात्र कुणी नीट टिपून ठेवत नाही. आम्ही पहाटे पाचला इथं आलोय ते त्यासाठी.

[पूर्वेकडचं आभाळ. अजून तांबडं फुटलेलं नाही.]

डिसेंबरच्या शेवटी इथं सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्याआधीची वीस-पंचवीस मिनिटं फार मोलाची. सूर्य क्षितिजाखाली असतो, पण आभाळ उजळायला लागलेलं असतं. सगळीकडून सारखाच, मऊ, निळसर उजेड येतो. सावली पडत नाही. लोखंडाची चकाकी डोळ्यांत जात नाही. एखाद्या टपरीवर पिवळा बल्ब जळत असेल तर त्या निळ्यात तो असा उठून दिसतो की वेगळी प्रकाशयोजना लागत नाही.

आणि सारंगखेड्याला आणखी एक देणगी आहे. यात्राच पौर्णिमेची! म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत इकडे सूर्य उगवायच्या बेतात असतो तेव्हा समोरच्या बाजूला चंद्र खाली उतरलेला असतो. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून वर येतो आणि पौर्णिमेचा चंद्र वायव्येकडे मावळतो. पाळणा, चंद्र आणि कॅमेरा एका रेषेत आणायचे तर आदल्या दिवशी येऊन जागा हेरून ठेवावी लागते. पौर्णिमा उलटली की चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा मावळतो, म्हणून पुढच्या पहाटे तो वर वर दिसतो आणि पाळण्याच्या पाठीमागून निसटतो.

याच वेळी पश्चिमेकडे नीट बघा. क्षितिजाला लागून गडद निळसर पट्टा दिसतोय आणि त्याच्यावर गुलाबी. तो खालचा निळा पट्टा म्हणजे आपल्या पृथ्वीचीच सावली, हवेवर पडलेली. सूर्य वर येऊ लागला की ती खाली सरकत जाते आणि बघता बघता जमिनीत मिसळून जाते. नदीकाठी आभाळ मोकळं असल्यामुळे ती इथून लख्ख दिसते.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर तिपाई, म्हणजे ट्रायपॉड, हवीच. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, १००; लेन्सचं छिद्र एफ आठ, शटर काही सेकंद उघडं. बोट लावून बटण दाबू नये, दोन सेकंदांचा टायमर लावावा. मातीत तिपाईचे पाय हळूहळू खचतात, म्हणून खाली चपटे दगड ठेवावेत. दवाची काळजी घ्यावी. निरभ्र रात्री उघड्यावर ठेवलेली काच आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते आणि तिच्यावर दव धरतं. लेन्सभोवती उपरण्याचा एक वेढा दिला तरी बराच फरक पडतो. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

[मौत का कुआँ. बाहेरून, मग आतून.]

आता या लाकडी विहिरीत चला.

रात्री प्रेक्षक जिन्यानं वर जाऊन कठड्यावरून आत बघतात. आत्ता मालकाला विचारून आम्ही खालच्या दारातून आत आलोय. ही जागा आतून, रिकामी असताना बघणं हा वेगळाच अनुभव आहे. चारी बाजूंना उभ्या फळ्या. तळाशी तिरपा उतार. मोटरसायकल आधी त्या उतारावर फिरून वेग घेते आणि मग उभ्या भिंतीवर चढते. वेग असेल तोवर भिंत चाकाला आतल्या बाजूला रेटत राहते आणि चाक व फळी यांच्यातलं घर्षण गाडीला खाली पडू देत नाही. वेग उतरला की गाडी उतरते. एवढाच हिशेब, पण तो जिवाशी आहे.

फळ्यांवर हात फिरवून बघा. चाकं जिथून जातात तिथं लाकूड काळं पडलंय आणि चक्क गुळगुळीत झालंय. त्याच्या वर, जिथं चाक पोचत नाही, तिथं तीच फळी खरखरीत आहे, तिच्यावर अजून करवतीच्या खुणा आहेत. एका फळीला मधोमध चीर गेली होती, तिच्यावर पत्र्याची पट्टी मारून चार खिळ्यांनी दाबून बसवलीय. खिळ्यांची डोकी झिजून चांदीसारखी चमकताहेत. म्हणजे या डागडुजीवरूनही कित्येक फेऱ्या गेल्या.

पूर्वेकडच्या फटींतून आता उजेड यायला लागलाय. दोन फळ्यांच्या मधून एक एक उभी रेघ. सूर्य जसा वर येईल तशा या रेघा समोरच्या भिंतीवरून खाली सरकतील. हा फोटो दिवसातून दहा मिनिटं मिळतो. रात्री या विहिरीत लावलेल्या मोठ्या दिव्यांपुढे यातलं काहीच टिकत नाही.

[पाळण्याचा जवळून घेतलेला फोटो. गंजलेली खीळ, तिच्यात अडकवलेली तार.]

पाळण्याकडे परत येऊ, कारण त्याचा इतिहास या कामाशी थेट जोडलेला आहे. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्यानं २६४ फूट उंचीचा पाळणा उभारला. छत्तीस डबे, एकेका डब्यात साठ माणसं मावतील एवढी जागा. पुढं तो दुसऱ्या शहरात नेला आणि १९०६ साली सुरुंग लावून पाडून टाकला. आज त्या पाळण्याची बांधणी कशी होती हे जगाला ठाऊक आहे, कारण त्याचे भरपूर फोटो काढले गेले.

आपल्या यात्रांमध्ये त्याआधी काय होतं? चार बैठकांचा लाकडी रहाटपाळणा. माणूस हातानं ढकलून तो फिरवायचा. म्हाताऱ्या माणसांना त्याची करकर अजून आठवते. फोटो शोधायला जा, घराघरांतून हात हलवत परत याल. आज लोखंडी पाळणा आहे. उद्या वेगळं काही येईल. ते आल्यावर याला शोधत बसण्यापेक्षा आत्ता, समोर उभा आहे तोवर टिपून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात घाई करायला हवी ती पाट्यांची. विहिरीच्या दर्शनी भागावर, ड्रॅगन ट्रेनच्या तोंडावर, तिकीटखिडकीभोवती हातानं रंगवलेली चित्रं आहेत. झेप घेणारा वाघ, मोटरसायकलवर हात सोडून बसलेला स्वार, कमळातून निघालेली परी, कुठल्यातरी हिरोचा चेहरा जो तिघा-चौघा हिरोंसारखा दिसतो. ऑइल पेंटचे थर आहेत. जुन्या रंगावर नवा चढवताना जुन्या वाघाची शेपूट तशीच राहून गेलीय आणि नव्या घोड्यामागून डोकावतेय. ही चित्रं आता फ्लेक्सनं झाकली जाताहेत. फ्लेक्स स्वस्त पडतं, लगेच छापून मिळतं. धंदा करणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण फ्लेक्समागची पाटी पावसात कुजली की ते चित्र कायमचं गेलं.

पाटीचा फोटो काढायला पहाटेएवढी चांगली वेळ नाही. ऑइल पेंट चमकतो. त्याच्यावर ऊन आलं किंवा बल्ब पेटला की मधोमध पांढरा डाग उठतो आणि चित्र मरतं. सूर्य यायच्या आधीच्या उजेडात तो डाग पडत नाही. कॅमेरा पाटीच्या अगदी समोर, तिच्याशी समांतर ठेवायचा. वाइड लेन्स नको, तिनं कडा वाकतात. जरा मागं सरकून साध्या पन्नास मिलिमीटरच्या लेन्सनं घ्यायचं. पहिल्या फोटोत पाटीला टेकवून एक पांढरा कोरा कागद धरायचा, म्हणजे पुढं रंग बरोबर जुळवता येतात. आणि कोपरे कापायचे नाहीत. पेंटरनं आपलं नाव तिथंच घातलेलं असतं, बारीक अक्षरात, शेजारी गावाचं नाव.

[यात्रा जागी होते. चुली पेटतात.]

साडेसहा. पाळण्याखालच्या ताडपत्र्या हलायला लागल्यात. झोके चालवणारी कुटुंबं इथंच झोपतात, झोक्यांच्या खाली, जनरेटरच्या आडोशाला. झोपलेल्या माणसाचा फोटो आम्ही घेत नाही. ते त्यांचं घर आहे. जागं झाल्यावर विचारायचं, हो म्हणाले तरच कॅमेरा उचलायचा.

एक कामगार हातात पाना घेऊन पाळण्यावर चढतोय. दोर नाही, पट्टा नाही. आऱ्यावर पाय टेकत तो एकेका जोडापाशी थांबतो, खीळ हलवून बघतो, बोल्ट आवळतो. खाली उभा असलेला त्याचा साथीदार हातानं चक्र एक घर पुढं ढकलतो. रात्री पाळण्यात बसून किंचाळणाऱ्या प्रत्येकाचा भार या माणसाच्या पान्यावर असतो. कमरेला पट्टा बांधून चढायची सोय या धंद्यात सगळीकडे असायला हवी, हे मी इथं स्पष्ट बोलणार आहे.

चहाच्या टपरीवरची मावशी आमच्याकडे बराच वेळ बघत होती. शेवटी तिनं अहिराणीत विचारलंच, कुठून आलात म्हणून.

“कथाईन उनात भाऊ? पाळना ते बंद शे आते. संध्याकायले या.”

आम्ही सांगितलं, बंद पाळण्याचेच फोटो हवेत. तिनं स्टोव्हला पंप मारला आणि म्हणाली, “मंग चहा पी ल्या पहिले.” चहा घेताना कॅमेरा थंडीतून एकदम स्टोव्हजवळ नेऊ नका. गार काचेवर लगेच वाफ धरते. तो पिशवीत बंद करून ठेवावा आणि मग आत जावं.

[घोडेबाजार. कोवळं ऊन.]

आता घोडे. दुपारी इथं उभं राहायला जागा नसते. सौदे चालू असतात, रेवाल, म्हणजे हिसके न देणारी संथ लयीची, चाल दाखवायला घोडे पळवतात, धूळ आभाळाला भिडते. पहाटे मात्र घोड्याची निगा राखणारा मोतद्दार एकटाच असतो, हातात अंग घासायचा खरारा, मान ते पाठ, पाठ ते पुठ्ठा. मारवाडी घोड्याचे कान आत वळलेले, टोकाला टोक भिडणारे; सूर्य मागं असला की त्या दोन कानांमधली फट सोन्यासारखी उजळते. नाकातून निघालेली वाफही मागून उजेड असेल तरच दिसते, म्हणून घोडा आपल्या आणि सूर्याच्या मधे घ्यायचा. काळ्या घोड्याला कॅमेरा फसतो. काळं जास्त दिसलं की तो फोटो उजळवतो आणि घोडा राखाडी होतो, म्हणून उजेड एक टप्पा कमी करायचा. पांढऱ्या नुकऱ्याला उलट, एक टप्पा वाढवायचा. पाठीमागे थांबलेला पाळणा ठेवला की फोटो बघताच कुणीही म्हणेल, ही सारंगखेड्याची यात्रा.

साडेसातच्या पुढं ऊन कडक होतं, पाट्या चमकायला लागतात. जिलबीवाल्यानं कढई चढवलीय. आमचं इथलं काम झालं.

खानदेशात यात्रा काही एक नाही. माघात मुक्ताईची यात्रा असते, चैत्रात धुळ्याला पांझरेकाठी एकवीरादेवीची, वैशाखात अमळनेरला बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची. तुमच्या गावच्या यात्रेत पाळणा आला तर पहाटे जा. मोबाइल असला तरी चालेल, फक्त भिंतीला किंवा पेटीला टेकवून धरा. पाट्या समोरून घ्या, चारही कोपरे येऊ द्या, पेंटरचं नाव वाचता येईल एवढ्या जवळून आणखी एक फोटो घ्या. फोटोसोबत गाव, यात्रा आणि वर्ष लिहून ठेवा. आणि घरातल्या जुन्या अल्बममध्ये लाकडी रहाटपाळण्याचा एखादा फोटो निघाला, तर तो आम्हाला नक्की दाखवा. आम्ही तो शोधतोय.